कोल्हापुरात राहून स्वतंत्र सिनेमा करायचाय? शेवटाकडून सुरुवात करा

कोल्हापूरच्या माणसाला कॅमेऱ्याची भीती वाटत नाही. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ इथला. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये याच गावात उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. गल्लीत शूटिंग लागलं तर आजही लोक आपणहून चहा पाठवतात, गच्चीची किल्ली देतात, गर्दी मागं सारायला चार पोरं उभी करतात. त्यामुळं इथं सिनेमा सुरू करणं सोपं आहे. पुरा करणं आणि लोकांपर्यंत नेणं मात्र मुंबईइतकंच अवघड आहे. शूटिंग झालंय, एडिट अर्धवट आहे, पैसा संपलाय, कथालेखकाशी करार झालेला नाही आणि सगळं एका हार्डडिस्कमध्ये पडून आहे, असे सिनेमे मी जवळून पाहिलेत. त्यातले काही खरोखर चांगले होते.

मी छोट्या मराठी सिनेमांची निर्मिती व्यवस्था सांभाळतो. मागं स्टुडिओ नाही, चॅनेल नाही, दोन-चार जणांच्या खिशातला पैसा आहे आणि गोष्ट आपली आहे, अशा सिनेमांसाठी हे लिहितोय. पॅकअप म्हणजे सिनेमा झाला, हा समज आधी डोक्यातून काढा. प्रेक्षक खुर्चीत बसतो तिथून मागं मोजत या. पैसा, कागद, वेळ सगळं त्याच दिशेनं मांडा.

## १. सिनेमा कुठं दाखवणार ते आधी ठरवा

पटकथेचा दुसरा खर्डा हातात आला की एका कागदावर लिहा: हा सिनेमा महोत्सवाचा आहे, थिएटरचा आहे, की दोन्हीचा? "बघू नंतर" हे उत्तर महाग पडतं, कारण याच निवडीवर बाकीचं बरंच ठरतं. महोत्सवासाठी इंग्रजी सबटायटल्स काळजीपूर्वक करून घ्यावी लागतात, प्रीमियर म्हणजे पहिलं जाहीर प्रदर्शन जपून ठेवावं लागतं आणि उत्तर यायला महिनोन् महिने जातात. थिएटरसाठी प्रसिद्धीचा पैसा आधी हातात लागतो. ओटीटीच्या भरवशावर तर कोणीच बजेट बांधू नये. नवख्या, ओळखीचे चेहरे नसलेल्या मराठी सिनेमाला तिथं आगाऊ रक्कम मिळणं दुर्मिळ आहे. प्लॅटफॉर्म आला तर आनंद, न आला तरी सिनेमा उभा राहिला पाहिजे.

## २. गोष्ट तुमची आहे हे कागदावर आणा

कोल्हापुरात सगळे एकमेकांचे मित्र असतात आणि मित्राकडून सही मागायला संकोच वाटतो. तो संकोच सोडा. सही मागणं हा अविश्वास नव्हे, त्यानं मैत्रीही टिकते.

कथा दुसऱ्याची असेल तर हक्क लेखी घ्या. कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. "कथेचे सर्व हक्क दिले" एवढ्या एका ओळीवर सिनेमा केलात, तर पाच वर्षांनी दुसऱ्या देशातून विचारणा आली की तुमच्या हातात काही नसतं. म्हणून माध्यम, मुदत, प्रदेश, मोबदला आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार, या पाचही गोष्टी स्पष्ट लिहा.

तुमच्या स्वतःच्या पटकथेची नोंद मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये ऑनलाइन होते. कॉपीराइट कार्यालयातही नोंद करता येते, साहित्यकृतीचं शुल्क ५०० रुपये आहे. पटकथा कोणालाही पाठवण्याआधी यातलं एक तरी करा.

नाव म्हणजे टायटल. त्याची नोंदणी निर्मात्यांच्या संघटनेकडे होते. अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळाचं मुख्य कार्यालय कोल्हापुरातच आहे, तेव्हा बॅनरची म्हणजे निर्मितीसंस्थेची आणि नावाची नोंद कशी होते हे समोर बसून विचारता येतं. पोस्टर छापून, मुहूर्त करून मग नाव शोधायला जाऊ नका. तेच नाव आधी कोणीतरी घेतलेलं निघतं.

संगीताबाबत एक सापळा. ओव्या, भजनं, गोंधळाची पदं परंपरेनं आलेली आहेत, त्यांच्यावर कोणाचा हक्क नाही असं म्हणून लोक सरळ एखादं जुनं ध्वनिमुद्रण वापरतात. पद पारंपरिक असलं तरी त्याचं ध्वनिमुद्रण कोणाच्या तरी मालकीचं असतं, संगीतरचनाही असू शकते. तुमच्या गावातल्या गोंधळ्याकडून पुन्हा गाऊन घ्या, त्याला मानधन द्या, संमतिपत्रावर सही घ्या. शिवाय तो आवाज तुमच्या सिनेमाचा होतो.

## ३. पैसा: एक भाग कुलूपबंद

हातात जेवढी रक्कम आहे तिचे तीन भाग करा. एक भाग शूटिंगच्या आधी वेगळ्या खात्यात टाका आणि शूटिंग संपेपर्यंत त्याला हात लावू नका. एडिट, ध्वनी, रंगसंस्कार, सबटायटल्स, डीसीपी म्हणजे थिएटरात चालवायची डिजिटल प्रत, सेन्सॉर, महोत्सवांची प्रवेशशुल्कं आणि थोडी प्रसिद्धी हे सगळं त्यातून व्हायचंय. उरलेल्या दोन भागांत शूटिंग बसत नसेल तर पटकथा कापा. रात्रीचे प्रसंग, गर्दीचे प्रसंग आणि गाडीतले प्रसंग आधी तपासा, खर्च तिथंच दडलेला असतो. दिवसांचा हिशेब झाला की दहा टक्के आकस्मिक खर्च वर धरा.

पैसे मित्रांकडून, नातेवाइकांकडून येतात. प्रत्येकाला पहिल्याच दिवशी विचारा: हे उसने आहेत की भागीदारी? उसने असतील तर परतफेडीची तारीख लिहा. भागीदारी असेल तर तोटा झाल्यास पैसा परत येणार नाही, हे वाक्य करारात ठळक असू द्या. "सिनेमात गुंतवा, वर्षात दीडपट देतो" असं सांगून अनोळखी लोकांकडून रकमा गोळा करण्याच्या फंदात पडू नका. अनियंत्रित ठेव योजना बंदी कायदा, २०१९ खाली ते गुन्ह्यात जाऊ शकतं.

आणि कळकळीनं सांगतो, शेत गहाण टाकून सिनेमा करू नका. घरच्यांची सही लागणारी कुठलीच तारण व्यवस्था करू नका. सिनेमा लहान करा, शॉर्टफिल्म करा, एक वर्ष थांबा.

थिएटरमधून पैसा कसा परत येतो हेही इथंच समजून घ्या, म्हणजे बजेट जमिनीवर राहतं. समजा तिकिटाचा मूळ दर १०० रुपये आहे. त्यावर ५ टक्के जीएसटी, ते सरकारचे. सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के आणि त्यावरच्या तिकिटाला १८ टक्के असा दर आहे. उरलेल्या १०० मधला साधारण निम्मा थिएटरचा. राहिले ५०. वितरकाचं कमिशन समजा १० टक्के, म्हणजे तुमचे ४५. त्यातून आधी प्रसिद्धीचा आणि डिजिटल प्रक्षेपणाचा खर्च वळता होतो. तो बाजूला ठेवला तरी दहा लाख परत मिळवायला सुमारे २२ हजार तिकिटं विकली गेली पाहिजेत. आठवडे पुढं सरकले की थिएटरमधला तुमचा वाटा बहुधा आणखी कमी होतो. हा हिशेब स्वतःच्या बजेटला लावून बघा.

## ४. कंपनी, खातं, करार

हे रूक्ष आहे, पण एका आठवड्याचं काम आहे. प्रोप्रायटरी, भागीदारी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) की प्रायव्हेट लिमिटेड हे तुमच्या सीएशी बोलून ठरवा. पैसा टाकणारे एकाहून जास्त असतील तर एलएलपी किंवा कंपनी बरी. बॅनरच्या नावानं चालू खातं, पॅन, टॅन. मानधन देताना टीडीएस कापा आणि भरा. जीएसटी नोंदणी कधी लागते ते सीए सांगेल. सिनेमाचा एकही रुपया घरच्या बचत खात्यातून फिरवू नका, पुढं अनुदानासाठी हिशेब मागितले की तीच गुंतागुंत आड येते.

शूटिंगच्या पहिल्या दिवसाआधी एका फाइलमध्ये एवढं हवं:

- कथा, पटकथा, संवाद, गीत, संगीत यांचे हक्कपत्र
- दिग्दर्शकासह प्रत्येक तंत्रज्ञाचा आणि कलाकाराचा करार. दोन ओळींची भूमिका असली तरी संमतिपत्र
- टायटल आणि बॅनर नोंदणीची पत्रं
- प्रत्येक जागेच्या मालकाची लेखी परवानगी, आधारच्या प्रतीसह
- सरकारी परवानग्या (पुढच्या पायरीत)
- कॅमेरा आणि साहित्याच्या भाड्याचा करार, नुकसान कोण भरणार या कलमासह

याच फाइलला पुढं महोत्सव, वितरक, ओटीटी सगळे "मालकीची साखळी" म्हणून मागतात. साखळीतली एक कडी नसली तर तयार सिनेमा विकला जात नाही.

## ५. परवानग्या: कोणत्या जागेला कोणाचं दार

"आपलंच गाव हाय, कोण काय म्हणतंय" या भरवशावर दोन दिवस जातात. तिसऱ्या दिवशी कोणीतरी तक्रार करतं आणि पंचवीस जणांचं युनिट दुपारभर झाडाखाली बसतं. त्या एका दुपारच्या भाड्यात सगळे अर्ज करून झाले असते.

राज्य सरकारच्या चित्रपट महामंडळाची एक खिडकी व्यवस्था आहे, सार्वजनिक जागांसाठी तिथून सुरुवात करा. तरी स्थानिक पातळीवर स्वतः जाऊन भेटावंच लागतं.

शहर. रंकाळा, बागा, रस्ते यांसाठी महापालिका. रस्ता अडणार असेल तर वाहतूक शाखा. कुठंही शूटिंग असलं तरी त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याला तारीख, वेळ, माणसं आणि गाड्यांची संख्या लिहून पत्र द्या आणि पोच घ्या. प्रसंगात खोटी हत्यारं किंवा पोलिसांचा गणवेश असेल तर ते पत्रात आवर्जून लिहा.

खेडं. ग्रामपंचायतीचं पत्र आणि सरपंच, पोलीस पाटलांची भेट. देवळात शूटिंग असेल तर पुजारी आणि देवस्थान समिती दोघांशी बोला. अंबाबाई आणि जोतिबा ही देवस्थानं पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीच्या अखत्यारीत येतात.

गड आणि जुनी मंदिरं. पन्हाळा आणि खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर ही केंद्राची संरक्षित स्मारकं आहेत. तिथं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी आणि शुल्क लागतं. पन्हाळा तर २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेलाय, तिथं विनापरवाना कॅमेरा लावायचा विचारच करू नका. छोट्या सिनेमाला परवडत नसेल तर पन्हाळ्याच्या वाटेवरचा एखादा खासगी कडा, एखादा जुना वाडा शोधा. पटकथेत "गड" कशासाठी आहे ते कळलं की पर्याय सापडतो.

जंगल. राधानगरी अभयारण्य, दाजीपूर म्हणजे वन विभागाचा वन्यजीव विभाग. पावसाळ्यात दाजीपूरचा प्रवेश बंद असतो.

एसटी स्टँड आणि रेल्वे. दोघांचेही दर, अटी आणि अर्ज वेगळे. एका प्रसंगासाठी हे दोन्ही टाळता आले तर टाळा.

ड्रोन. आता सगळ्यांनाच गावाचा वरून शॉट हवा असतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे आकाश हिरव्या, पिवळ्या आणि लाल पट्ट्यांत विभागलंय. उजळाईवाडीला विमानतळ असल्यानं त्याच्या आसपासचा भाग लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात येतो, आणि पिवळ्या पट्ट्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. शहराचा मोठा भाग आणि मोरेवाडीची चित्रनगरीही विमानतळापासून लांब नाही. ज्याच्याकडे ड्रोनची नोंदणी आणि पायलटचं प्रमाणपत्र आहे त्यालाच बोलवा. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या पोराला परस्पर उडवायला सांगू नका.

जनावरं. म्हैस, बैल, कुत्रा, कोंबडी, गोष्टीत प्राणी असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी शूटिंगच्या आधी लागते, आणि शूटिंगनंतर ना हरकत प्रमाणपत्र. हे नसलं तर सेन्सॉरला अर्ज अडतो. ग्रामीण सिनेमे सर्वांत जास्त इथंच अडकलेले मी पाहिलेत, कारण गोठ्यातला प्रसंग लिहिताना कोणाच्या मनातही येत नाही की म्हशीचाही अर्ज करायचा असतो.

## ६. मोसम आणि आवाज

कोल्हापूरच्या निसर्गावर सगळे भाळतात, आवाजाकडं कोणी बघत नाही. थेट ध्वनिमुद्रण म्हणजे सिंक साउंड करणार असाल तर रेकीला म्हणजे जागेच्या आधीच्या पाहणीला कॅमेरामनबरोबर साउंड रेकॉर्डिस्टलाही न्या, आणि ज्या वेळी शूटिंग आहे त्याच वेळी न्या. सकाळी शांत वाटलेला रस्ता साखर हंगामात संध्याकाळी उसाच्या ट्रॅक्टरांनी भरतो, आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी लागलेली असतात. गणपती, नवरात्र, चैत्रात जोतिबाची यात्रा, गावोगावच्या म्हाया म्हणजे जत्रा, या तारखा कॉलशीटवर (शूटिंगच्या रोजच्या वेळापत्रकावर) आधी लाल शाईनं मारून ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये गगनबावड्याकडं किंवा राधानगरीकडं शूटिंग लावायचं तर पावसानं जाणारे दिवस धरूनच बजेट करा. पंचगंगेचं पाणी चढलं की रस्ते बंद होतात. २०१९ आणि २०२१ चे पूर इथं सगळ्यांनी पाहिलेत.

एक उदाहरण जरा सविस्तर देतो, कारण गुऱ्हाळाचा प्रसंग इथल्या प्रत्येक दुसऱ्या पटकथेत असतो. चुलवाणावर काहील (मोठी कढई) चढलेली, रस उकळतोय, वाफ छताला लागलीय आणि कवडशातून उजेड पडतोय. दृश्य म्हणून याला तोड नाही. पण गुऱ्हाळ तुमच्यासाठी थांबत नाही. एका आदणाला, म्हणजे काहीलभर रस आटवून गूळ करायला, दोन-अडीच तास लागतात, आणि पाक तयार झाला की नाही हे गुळव्या ठरवतो. तो "उतरा" म्हणाला की काहील उतरलीच पाहिजे, नाहीतर शेतकऱ्याचा सगळा गूळ बिघडतो. तुमचा फोकस चुकला म्हणून दुसरा टेक मिळत नाही, पुढच्या आदणाची वाट बघावी लागते. म्हणून आदल्या दिवशी एक अख्खं आदण नुसतं बसून बघा. मळी कधी काढतात, वाफ सर्वांत दाट कधी असते, चुलव्या चिपाडं कधी सारतो, वाफ्यात पाक कधी ओततात, सगळं वेळेनिशी लिहून घ्या. मोठे शॉट पहिल्या आदणाला, जवळचे दुसऱ्याला, संवाद घाण्याचं इंजिन बंद असताना. लेन्सवर वाफेनं चिकट थर बसतो, पुसायचं कापड आणि जादा फिल्टर जवळ ठेवा. आणि आदण बिघडलं तर भरपाई किती, हे मालकाशी आधीच बोलून ठेवा.

तालमीचंही असंच. हौदातली तांबडी माती तेल, ताक, लिंबू, हळद घालून कमावलेली असते. तिच्यावर चप्पल घालून जायचं नाही, लाइटचा स्टँड रोवायचा नाही. वस्तादांना आधी भेटा, सरावाच्या वेळा सोडून वेळ मागा. त्यांनी एकदा हो म्हटलं की मल्ल स्वतः तुमचे दिवे धरतात.

प्रत्येक जागी शूटिंग संपल्यावर सगळ्यांना एक मिनिट गप्प उभं करून त्या जागेचा नुसता आवाज भरून घ्या. एडिटला सोन्याच्या मोलाचा असतो.

## ७. माणसं

इथं राज्य नाट्य स्पर्धेतून तयार झालेले नट आहेत, ज्यांना भाषा शिकवावी लागत नाही. त्यांना आधी बघा, मग मुंबईकडं. नाटकवाल्यांना कॅमेऱ्यासमोर आवाज आणि हातवारे कमी करायला वेळ लागतो, तेव्हा मोबाइलवर का होईना दोन-तीन तालमी चित्रित करून त्यांना दाखवा. त्यांच्या नोकरीच्या सुट्या आणि प्रयोगाच्या तारखा लेखी घ्या.

मानधन कमी देऊ शकत असाल तर ते आधी सांगा आणि ठरलेल्या दिवशी द्या. "सिनेमा लागला की देतो" हे लाइटमनला आणि स्पॉटवाल्यांना कधीही म्हणू नका, त्यांचं घर रोजच्या शिफ्टवर चालतं. जेवण वेळेवर आणि पोटभर, झोप पुरेशी. रात्री उशिरा पॅकअप झालं तर सकाळचा कॉल पुढं ढकला. दमलेला ड्रायव्हर ही शूटिंगवरची सर्वांत धोकादायक गोष्ट आहे.

खेड्यात किंवा माळावर शूटिंग असेल तर बायकांसाठी स्वच्छतागृह आणि कपडे बदलायची बंद खोली ही रेकीची पहिली अट ठेवा. जवळच्या घराशी बोलून, त्यांना रीतसर पैसे देऊन सोय होते. दहा किंवा अधिक माणसं काम करत असतील तर लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती नेमावी लागते. समितीतल्या व्यक्तींची नावं आणि फोन नंबर रोजच्या कॉलशीटवर छापा.

चौदा वर्षांखालचं मूल काम करणार असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, ओळीनं २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मुलाच्या कमाईतली किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्या नावे मुदत ठेवीत ठेवायची असते. वेळापत्रक मुलाच्या शाळेभोवती बांधा. सहामाहीच्या आठवड्यात त्याला तीन दिवस मागू नका.

## ८. कॅमेरा आणि डेटा

महागडा कॅमेरा घेण्यापेक्षा चांगला साउंड रेकॉर्डिस्ट घ्या. चित्रातला कच्चेपणा लोक शैली म्हणून स्वीकारतात, न कळणारा संवाद कोणी सोसत नाही.

पहिल्या दिवसाच्या आधी तीन गोष्टी ठरवा. एक, फ्रेम रेट २४, म्हणजे सेकंदाला २४ चित्रं. थिएटरची डीसीपी साधारण २४ वर चालते. २५ वर चित्रित करून नंतर बदलत बसलात तर आवाजाची लांबी जुळवायला खर्च येतो. दोन, आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची आहे. २४ फ्रेमला शटर १७२.८ अंशांवर ठेवलं तर ट्यूबलाइटचा झगमगाट टळतो. खेड्यातले स्वस्त एलईडी बल्ब तरीही लुकलुकतात, म्हणून रेकीला जाताना कॅमेरा न्या आणि घरातला प्रत्येक दिवा तपासा, खराब असतील ते स्वतःच्या खर्चानं बदला. तीन, कार्डवरचा डेटा दोन वेगळ्या हार्डडिस्कवर उतरवून, उघडून तपासल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. तिसरी प्रत वेगळ्या घरात. दोन्ही डिस्क एकाच गाडीतून नेऊ नका.

## ९. एडिटपासून डीसीपीपर्यंत

एडिट कोल्हापुरात होतं, चांगलं होतं. अंतिम ध्वनिमिश्रण आणि रंगसंस्कार मात्र थिएटरच्या मापाच्या खोलीत करा, त्यासाठी पुणे-मुंबईला जावं लागलं तरी चालेल. घरच्या स्पीकरवर छान वाटलेले संवाद मोठ्या पडद्याखाली बुडतात.

पहिला जुळलेला कट तयार झाला की दहा-बारा अशा माणसांना दाखवा ज्यांचा सिनेमाशी संबंध नाही. शिक्षक, दुकानदार, शेजारची काकू. त्यांना "आवडला का" विचारू नका. गोष्ट काय होती ते सांगायला सांगा. जिथं त्यांची गोष्ट तुमच्यापेक्षा वेगळी निघते तिथं एडिटला परत बसायचं. तांत्रिक मित्रांचं मत यानंतर घ्या.

डीसीपी झाल्यावर ती एकदा खऱ्या थिएटरमध्ये सकाळच्या रिकाम्या वेळेत चालवून बघा. सबटायटल्सची जागा, पाचही बाजूंचा आवाज, पहिली आणि शेवटची फ्रेम तपासा.

## १०. सेन्सॉर

केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडं अर्ज ई-सिनेप्रमाण या पोर्टलवर होतो. आपल्याला मुंबईचं प्रादेशिक कार्यालय लागतं. एजंटच्या मागं न लागता सगळं समजून घ्या आणि अर्ज स्वतःच करा. नियम २०२४ मध्ये बदललेत. यू (सर्वांसाठी) आणि ए (फक्त प्रौढांसाठी) यांच्यामधल्या यूए गटाचे आता ७, १३ आणि १६ वर्षांनुसार तीन भाग आहेत, आणि प्रमाणपत्राला मुदत राहिलेली नाही. अपिलाचं वेगळं न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, निर्णय मान्य नसेल तर उच्च न्यायालयात जावं लागतं.

पडद्यावर कोणी बिडी ओढली किंवा तंबाखू मळली तरी तंबाखूविषयक नियम लागू होतात. सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर आरोग्य संदेश, ध्वनिचित्र सूचना, आणि त्या दृश्यात पडद्याखाली स्थिर इशारा. आपल्याकडची म्हातारी पात्रं चुना-तंबाखूशिवाय रंगत नाहीत, पण हातात काय द्यायचं ते पटकथेतच ठरवा. दृष्टी आणि श्रवणबाधित प्रेक्षकांसाठी मथळे आणि ध्वनिवर्णन देण्याची मार्गदर्शक तत्त्वं मार्च २०२४ मध्ये आली, त्याचा खर्चही पोस्टच्या बजेटमध्ये धरा.

प्रदर्शनाची तारीख जाहीर करून मग सेन्सॉरला जाऊ नका. प्रमाणपत्र हातात, मग तारीख.

## ११. महोत्सव

गोव्याचा इफ्फी म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दरवर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यांत असतो, आणि त्याच सुमारास एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा) फिल्म बाजार, जिथं सिनेमावाले आणि खरेदीदार भेटतात. कोल्हापूरकरांना गोवा मुंबईपेक्षा जवळ आहे, तेव्हा सिनेमा तयार नसला तरी एकदा जाऊन या. पहिला कट असेल तर तिथल्या वर्क इन प्रोग्रेस विभागासाठी वेळेत अर्ज करा. पुण्याचा पिफ (पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव) आहे. आपल्याच शहरात कलामहर्षी बाबूराव पेंटर फिल्म सोसायटीचा कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आहे. सोसायटीचे खेळ वर्षभर बघत राहिलात तर चांगला सिनेमा कशाला म्हणतात यावर वाद घालायला माणसंही मिळतील.

मोठ्या महोत्सवांना पहिलं प्रदर्शन हवं असतं. म्हणून क्रम ठरवा: ज्यांना प्रीमियर हवा ते आधी, बाकीचे नंतर. तोवर यूट्यूबवर, खुल्या लिंकवर, गावच्या चौकात कुठंही सिनेमा दाखवू नका. पाठवायची लिंक पासवर्डची असू द्या. शुल्क भरून घेणारे, दर महिन्याला शंभर "पुरस्कार" वाटणारे ऑनलाइन महोत्सव अलीकडं फार झालेत. ज्या महोत्सवाला खरा पडदा आणि खरे प्रेक्षक नाहीत, त्याला एक रुपयाही पाठवू नका.

## १२. थिएटर आणि अनुदान

एकदम शंभर पडदे मागू नका. कोल्हापूर, सांगली, सातारा, इचलकरंजी, पुणे इथल्या मोजक्या पडद्यांवर चांगल्या वेळा मिळवा. पुष्कळ पडद्यांवर सकाळी नऊचा खेळ मिळण्यापेक्षा तीनच पडद्यांवर संध्याकाळ मिळाली तर प्रेक्षक येतात. ज्या गावात शूटिंग केलंत तिथल्या लोकांना पहिल्या तीन दिवसांत थिएटरपर्यंत आणण्याची व्यवस्था करा. तालमी, बचत गट, महाविद्यालयं यांच्याशी महिनाभर आधी बोला. वितरकाशी करार करताना रोजचा कलेक्शन रिपोर्ट तुमच्या मेलवर येईल, हे कलम घाला आणि प्रसिद्धी खर्चाची वरची मर्यादा लिहून घ्या.

राज्य सरकारची दर्जेदार मराठी चित्रपटांना अर्थसाहाय्य देणारी योजना आहे. सिनेमा पूर्ण होऊन सेन्सॉर झाल्यानंतर परीक्षण समिती तो बघते, दर्जा ठरवते आणि त्यानुसार रक्कम मिळते. अर्ज करण्याआधी चालू शासन निर्णय नीट वाचा, मुदत आणि कागदांची यादी त्यातच असते. पैसा उशिरा येतो हे गृहीत धरा. अनुदान येणार म्हणून व्याजानं पैसे उचलू नका.

ओटीटीचा करार आला तर मुदत, प्रदेश, टीव्हीचे हक्क आणि डबिंगचे हक्क वेगवेगळे करून वाचा, वकिलाला दाखवा आणि कायमचे हक्क शक्यतो देऊ नका. हप्त्यानं पैसे मिळणार असतील तर मास्टर फाइल पहिला हप्ता खात्यात जमा झाल्यावरच पाठवा.